फितीखालून

तात्यांनी फीत बांधली तेव्हा तिचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

"ताण," तात्या म्हणाले. "ढिली फीत कात्रीत अडकते. मागं गुरांच्या दवाखान्याला अडकली होती. साहेबांनी शेवटी हातानं ओढून तोडली. फोटोत भांडण सोडवल्यासारखं दिसतंय."

मी ताणली.

"आता खाली घे. अजून खाली. साहेबांच्या उंचीनं बांधायची, तुझ्या नव्हे."

साहेब, म्हणजे आमचे आमदार, बुटके होते. फीत माझ्या पोटावर आली.

आमच्या सोनवडच्या लोकहित वाचनालयात त्या दिवशी मोफत संगणक वर्गाचं उद्घाटन होतं. संगणक पाच होते. कुठल्याशा बँकेनं नवे घेतले आणि जुने फेकायला लाज वाटली म्हणून आम्हाला भेट दिले होते. त्यातले चार चालू होते. वर्ग मी शिकवणार होतो. मी तेव्हा इंजिनिअर होतो, म्हणजे घरी होतो. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसायचो आणि खाली येऊन सगळी वर्तमानपत्रं राशिभविष्यासकट वाचायचो. तात्यांनी ते बघून ठेवलं होतं.

तात्या होनराव वाचनालयाचे कार्यवाह. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी कधी सोडायचं आणि कधी नाही, हे ठरवण्यात सगळी नोकरी गेली होती आणि ती सवय वाचनालयात उतरली होती. एखादं पुस्तक मागितलं की ते आधी कालव्याकडे बघावं तसं कपाटाकडे बघायचे.

अकरा वाजता साहेब येणार होते. नारळ, शाली, झेंडूच्या माळा, तबकात कात्री, कात्रीला पण एक छोटी फीत, सगळं तयार होतं. दीड वाजता साहेबांच्या माणसाचा फोन आला. तात्या फोनवर उभे राहून बोलले. "हो हो. काहीच हरकत नाही. अहो, साहेबांना सवड होईल तेव्हा. फीत बांधून तयार आहे म्हणून सांगा." फोन ठेवून आमच्याकडे वळले. "पुढच्या आठवड्यात नक्की."

फोटोवाल्यानं कॅमेरा गुंडाळला. शाली कपाटात गेल्या. मी फितीची गाठ सोडायला लागलो.

"हात काढ!" तात्या ओरडले.

"आठवडाभर कशाला, तात्या?"

"मी साहेबांना काय सांगितलं? फीत बांधून तयार आहे. आता सोडली तर मी खोटा पडलो. आणि फीत सोडायची नसते, इंजिनिअर. कापायची असते. सोडलेल्या फितीचं उद्घाटन आजपर्यंत कुणी केलेलं नाही."

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हा विषय नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी गाणं वाजवत दारासमोर थांबली. नगरपालिकेची कचरा गोळा करणारी गाडी. पुढं बाळू ड्रायव्हर आणि मागच्या फळीवर उभ्या मालनताई शिरसाट, ज्या ओला कचरा एकीकडे आणि सुका एकीकडे करायच्या. लोक दोन्ही एकाच पिशवीत द्यायचे, मग मालनताई त्या पिशवीशी आणि लोकांशी बोलायच्या. गल्लीतले बरेच जण त्यामुळे लवकर उठून तयार असायचे.

त्या उतरल्या आणि बाहेरचा फलक मोठ्यानं वाचला. "मोफत संगणक प्रशिक्षण. सर्वांसाठी." मग मला विचारलं, "सर्वांसाठी म्हंजे कोण कोण?"

"सगळे," मी म्हणालो.

"आन मोफत म्हंजे नंतर किती?"

"नंतर पण मोफत."

त्यांना ते पटलं नाही, पण संध्याकाळी त्या अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आल्या. वर्गाच्या दारात फीत बघितली. पदर खोचला आणि खालून वाकून आत गेल्या.

तात्या टेबलामागून उठलेच. "अहो बाई! थांबा! उद्घाटन झालेलं नाही!"

"मग मी कुठं उद्घाटन करतीय?" आतून आवाज आला. "मी शिकायला आलीय."

तात्या फितीजवळ येऊन उभे राहिले. फीत तपासली. ती जशीच्या तशी होती, झेंडूचं फूलसुद्धा हललं नव्हतं. तात्या बराच वेळ विचार करत होते. पाटबंधारे खात्यात माणूस विचार करतो तेव्हा खाली शेतं वाळतात.

"उद्घाटन झालं नाही," ते शेवटी म्हणाले, "म्हणजे वर्ग सुरू झालेला नाही. बरोबर?"

"बरोबर."

"वर्ग सुरू नाही, म्हणजे आत विद्यार्थी असू शकत नाही."

"पण मालनताई आत आहेत."

"त्या आत असतील. विद्यार्थी नाहीत." ते टेबलाकडे परत गेले. जाता जाता म्हणाले, "फितीला धक्का लागता कामा नये."

असा आमचा वर्ग सुरू न होता सुरू झाला.

मालनताईंचं काम सरळ होतं. बाळू ड्रायव्हर संक्रांतीला गाडी सोडून मुलाकडे राहायला जाणार होता. मुकादमानं त्यांना सांगितलं होतं, "तुला लायसन मिळालं तर तू चालव. नाही तर माझा भाचा रिकामाच आहे." गाडी त्यांना येत होती, भावाच्या रानात त्याचा टेम्पो चालवून त्या तयार झाल्या होत्या. पण संक्रांतीला पक्कं लायसन हवं तर दिवाळीच्या आत कच्चं हवं आणि कच्च्याची परीक्षा कॉम्प्युटरवर होती. एकदा त्या देऊन आल्या होत्या.

"परश्न सोप्पं हुतं, सर. लाल दिवा म्हंजे काय. थांबायचं. पण त्यो बाण! मी त्याला थांबा शब्दावर न्यायची, त्यो खिडकीकडं पळायचा. त्याला धरून आणस्तवर टाइम संपला. पुढचा परश्न आला. शेवटी मशीननं लिवलं, नापास. म्हंजे मला लाल दिवा कळत न्हाई!" त्यांनी माउसकडे बघितलं. "सर, मागं उभं ऱ्हाऊन वास घ्यायचा का पुढं बसून वास घ्यायचा, एवढाच सवाल हाय. पर लई मोठा हाय."

त्यांचा हात फार घट्ट होता. कचऱ्याचा डबा धरावा तसा त्या माउस धरायच्या. मी त्यांना कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा खेळ लावून दिला. पानं उचलायची, रंगावर रंग लावायचा, बाण आपोआप वळणावर येतो.

तात्यांनी फितीवरून डोकावून बघितलं. "वाचनालयात पत्ते?"

"एकटीच खेळतीय, तात्या," मालनताई म्हणाल्या. "हरली तरी घरातच."

"हा जुगार आहे!"

"वर्ग सुरू नाही ना, तात्या?" मी म्हणालो.

तात्यांनी डोकं मागं घेतलं.

हळूहळू बातमी पसरली. वर्ग सुरू नसल्यामुळे सभासद व्हावं लागत नव्हतं, अनामत भरावी लागत नव्हती, हजेरी नव्हती, शिक्षणाची अट नव्हती. नसलेल्या वर्गाला कसली अट घालणार? न्हावी आला, भाजीवाली आली, दोन नव्या सुना आल्या. कडलग गुरुजी आले. गुरुजी ऐंशीच्या पुढचे आणि पाठीचे दुखणेकरी, त्यांना वाकता येईना. मग आम्ही आतली चाकांची खुर्ची बाहेर आणली, तिची उंची पार खाली केली, गुरुजींना बसवून मागं रेलवलं आणि फितीखालून ढकललं. नाकावरून फीत जाताना गुरुजी डोळे मिटून घ्यायचे.

गुरुजींना टायपिंग शिकायचं होतं. कशासाठी, ते चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं. ते स्वतःच्या निधनाची बातमी लिहीत होते.

"पेपरवाले शुद्धलेखन बघत नाहीत," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात आमच्या मित्राला त्यांनी 'दुखद' निधन दिलं. विसर्ग खाल्ला. माणूस गेला तो गेला, विसर्ग पण गेला. माझी मी लिहून ठेवतो. तारखेची जागा मोकळी ठेवलीय."

"गुरुजी, घाई काय?" मालनताई पत्ते लावत म्हणाल्या.

"घाई नाही. म्हणून तर आत्ता लिहितोय."

एकीकडे बदामावर इस्पिक चढत होतं, दुसरीकडे गुरुजी आपल्या पश्चात मोठा शिष्यपरिवार आहे असं टाईप करून मोठा हा शब्द खोडत होते आणि पुन्हा घालत होते. मी आळीपाळीनं दोघांच्या मागे उभा राहायचो. मला त्या दिवसांत कुणी विचारलं असतं तर मी बेकार आहे हे मला आठवलंच नसतं.

मालनताईंसाठी मी परीक्षेसारखेच प्रश्न बनवले. खुणा, दिवे, वळणं. उत्तर वेळेत दिलं नाही तर प्रश्न जायचा. आधी सगळेच जायचे. मग एखादा राहायला लागला. गौरी-गणपती झाले. साहेब दर आठवड्याला पुढच्या आठवड्यात येत होते. फीत लालची गुलाबी झाली. तात्या तिच्यावर दर सोमवारी ताजे झेंडू बांधायचे आणि सुकलेले मालनताईंच्या हातात ओल्या कचऱ्यात द्यायचे. दसरा आला तोवर मालनताईंच्या हातून एकही प्रश्न जात नव्हता. बाण सांगितल्या जागी जाऊन गपगुमान उभा राहत होता. त्यांनी परीक्षेचा सोमवार घेतला. त्याच्या आधीचा शनिवार आणि रविवार नुसता सराव करायचा असं ठरलं.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे आत आपापल्या कामाला लागलेले असताना तात्या धावत आले. मी त्यांना धावताना कधी बघितलं नव्हतं. "बाहेर! सगळे बाहेर! साहेब नाक्यावर आलेत!"

"ह्ये वळण तेवढं घेती," मालनताई म्हणाल्या.

"बाई, लोक आत असताना उद्घाटन कसं होईल? काय म्हणून कापायची फीत? उठा!"

मग एकेक जण फितीखालून वाकून बाहेर आला आणि टाळ्या वाजवायला ओळीत उभा राहिला. गुरुजींची खुर्ची शेवटी आली. तबक आलं. साहेब आले, त्यांनी फीत कापली. एका कापात. तात्यांनी मला डोळ्यांनी दाखवलं: बघ, ताण.

साहेब म्हणाले, "आजवर सामान्य माणसाला बंद असलेलं हे ज्ञानाचं दार आज उघडलं आहे."

ज्या सहा सामान्य माणसांनी टाळ्या वाजवल्या त्यातल्या पाच जणांची पाठ वाकून वाकून दुखत होती.

"पहिला विद्यार्थी कोण?" साहेबांनी विचारलं. फोटोवाल्याला बाई हवी होती. तात्यांनी मालनताईंना पुढं केलं. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि साहेबांनी शेजारी वाकून त्यांना माउस दाखवला. "घाबरायचं नाही, ताई. हा असा धरायचा. उंदरासारखा दिसतो, पण चावत नाही."

सगळे हसले. मालनताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग माउस कचऱ्याच्या डब्यासारखा घट्ट धरला आणि बाण खिडकीकडे पळवला.

"येईल, येईल," साहेब म्हणाले. "हळूहळू येईल."

ते गेल्यावर तात्यांनी खिशातून एक छापील कागद काढला आणि दाराला चिकटवला. वर्गाचे नियम. तो कागद श्रावणापासून त्यांच्या खिशात तयार होता. चारही घड्या चिरल्या होत्या. प्रवेश सभासदांनाच. अनामत आवश्यक. किमान शिक्षण दहावी पास. पादत्राणे बाहेर. अर्जांची छाननी समितीच्या पुढच्या बैठकीत. तोवर त्यांनी वर्गाच्या दाराला कुलूप लावलं.

शनिवारी मालनताई आल्या. फीत नव्हती, म्हणून त्या पहिल्यांदाच ताठ चालत आल्या आणि कुलपावर थांबल्या.

"सर, काय झालं?"

"वर्ग सुरू झाला, मालनताई."

"मग?"

"म्हणून बंद आहे."

त्या पायरीवर बसल्या. मला वाटलं आता त्या तात्यांशी, पिशवीशी बोलतात तसं बोलतील. त्यांनी नुसता गुडघ्यावर हात ठेवला आणि बोटांनी लुगड्यावर माउस फिरवायला लागल्या. ते बघून मी तात्यांच्या टेबलाकडे गेलो.

"तात्या, त्यांची परवा परीक्षा आहे. दोन दिवस उघडा."

"शिक्षण किती?"

"सातवी."

"मग दहावी करा म्हणावं. बाहेरून बसता येतं. सतरा नंबरचा फॉर्म मिळतो."

"सोमवारच्या आत?"

"इंजिनिअर, मी तीन महिने काही बोललो का? वर्ग नव्हता, तोवर मी डोळे झाकले. आता तो आहे. जो आहे, त्याला नियम आहेत." हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. उलट थोडं वाईट वाटल्यासारखं म्हटलं. धरण भरलं की दरवाजे आपोआप लागतात, त्यात त्यांचा हात नाही, असं.

त्यांच्या टेबलावर कालची कापलेली फीत नीट गुंडाळून ठेवलेली होती. ते तिच्यावरून बोट फिरवत होते. तीन महिने ज्याची वाट बघितली ते एका कापात संपलं होतं आणि त्यांना काही सुचत नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं.

"तात्या," मी म्हणालो, "आपल्याकडे महिला विभाग नाही."

"कसला?"

"महिलांसाठी संगणक विभाग. जिल्ह्यात कुणाकडे नसेल. रद्दीची खोली रिकामीच आहे. पाचवा कॉम्प्युटर मी दुरुस्त करतो. साहेबांना परत बोलावता येईल."

तात्यांचं बोट थांबलं. "परत?"

"वेगळं उद्घाटन. वेगळा नारळ."

"पण साहेब लगेच कसे येतील?"

"लगेच नाही येणार. पण आपली तयारी हवी. ऐनवेळी फोन आला तर?"

तात्या उठले. कपाटातून नवीकोरी फीत काढली. एक रीळ त्यांच्याकडे कायम असायचं. रद्दीच्या खोलीत मी वर अभ्यासाला बसणाऱ्या दोघांच्या मदतीनं गठ्ठे एका बाजूला लावले, कॉम्प्युटर ठेवला, तो तासाभरात खोकत खोकत चालू झाला. मग तात्यांनी एक टोक चौकटीला बांधलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

"ताण," ते म्हणाले. "खाली घे. अजून खाली."

गाठ मारून ते दोन पावलं मागं सरकले आणि बघत राहिले. नंतर त्यांची नजर पायरीवर बसलेल्या मालनताईंकडे गेली. तात्या साधे होते, पण बावळट नव्हते.

"हा विभाग," ते मोठ्यानं, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "सुरू झालेला नाही."

मालनताईंनी पदर खोचला.

"फितीला," तात्या म्हणाले, "धक्का लागता कामा नये."

सोमवारी दुपारी त्या परत आल्या ते बसस्टँडवरून चालत. मी आणि गुरुजी दारात होतो. गुरुजींना नवीन नियमात बसता येत होतं, ते रीतसर सभासद होते, पण समितीची बैठक व्हायची होती, म्हणून त्यांचं निधन अर्धवट राहिलं होतं.

"काय, मालनबाई?" गुरुजींनी विचारलं.

"मशीन म्हणालं," त्या म्हणाल्या, "मला लाल दिवा कळतो."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी घंटागाडी नेहमीचं गाणं वाजवत आली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून मालनताई उतरल्या. मागच्या फळीवर मुकादमाचा भाचा उभा होता. तात्या सुकलेले झेंडू घेऊन बाहेर आले आणि सवयीनं मागं जायला लागले.

"हिकडं द्या तात्या, मी देती त्याला," मालनताई म्हणाल्या. "त्याला अजून ओला-सुका कळत न्हाई."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. उद्घाटन झालेला वर्ग समितीच्या बैठकीत अडकला आणि पुढं त्या खोलीत निवडणुकीचं सामान ठेवायला लागले. गुरुजी रद्दीच्या खोलीत आले. महिला विभाग सुरू नसल्यामुळे त्यात पुरुषांना मनाई नव्हती. त्यांची बातमी छापून आली तेव्हा त्यात एकही चूक नव्हती. तारीख तेवढी मी भरली. साहेब पुढच्या आठवड्यात येत राहिले आणि मग साहेबच राहिले नाहीत, दुसरे आले, ते उंच होते, पण तात्यांनी फीत वर घेतली नाही. मी अजून तिथंच शिकवतो. माझ्या नेमणुकीचा विषय कार्यकारिणीपुढं येऊ नये याची मी काळजी घेतो.

गेल्या दिवाळीत तात्यांनी मला बोलावलं. ते फार थकले होते. "इंजिनिअर, कार्यवाहपद सोडतोय. जाण्याआधी ते एक उद्घाटन तेवढं उरकू. साहेब-बिहेब नको. मालनबाईंना बोलाव. पहिली बाई ड्रायव्हर. त्यांच्या हातानं होऊ दे."

त्या आल्या. गाडी बाहेर लावून, खाकी शर्ट लुगड्यावरच चढवलेला. शाल, नारळ झाला. मागं वर्गातल्या बाया ओळीत उभ्या होत्या, आत जायचं म्हणून सकाळपासून बाहेर काढलेल्या. तात्यांनी तबक पुढं धरलं. खिशात घडी केलेला एक कागद दिसत होता. दारापाशी खिळ्याला नवंकोरं कुलूप लटकत होतं.

मालनताईंनी कात्री उचलली. कागदाकडे बघितलं. कुलपाकडे बघितलं. मग कात्री अलगद परत तबकात ठेवली, पदर खोचला आणि फितीखालून वाकून आत गेल्या.

"अहो बाई!" तात्या म्हणाले. "फीत!"

"ऱ्हाऊ द्या, तात्या," आतून आवाज आला. "तुटली की बंद पडतं."

मागच्या बाया एकेक करत वाकल्या आणि गेल्या. फोटोवाला मला विचारत होता, नक्की कशाचा काढू? मी म्हटलं, थांब.

तात्या तबक घेऊन एकटेच उभे होते. त्यांनी तबक माझ्या हातात दिलं. खिशातला कागद काढला, तबकात ठेवला. मग गुडघ्यावर एक हात टेकून, दुसऱ्या हातानं चौकट धरून, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला तो माणूस सावकाश वाकायला लागला. वाकायला त्यांना फार वेळ लागला.

धक्का लागला नाही.